कमरेपासून गुडघ्यापर्यंत

आमच्या घरात माणसाला डोकं असतं, मान असते, पाठ असते, कंबर असते आणि मग एकदम गुडघे सुरू होतात. मधला भाग नसतो. म्हणजे असतो, पण त्याचा उल्लेख होत नाही. माझ्या सासूबाई आयुष्यभर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या. प्रत्येक गोष्टीला तिचं नेमकं नाव हवं हा त्यांचा आग्रह. मी फोनवर कुणाला 'काल आलेले ना मी' म्हटलं, की आतल्या खोलीतून 'आले होते' अशी दुरुस्ती येते. पण त्यांच्या शब्दसंपत्तीतही कमरेखाली थोडी मोकळी जागा सोडलेली होती. माहेरी ठाण्यातही काही वेगळा प्रकार नव्हता. तिथे तर आई 'पोट' हा शब्दसुद्धा पाहुण्यांसमोर जरा बेतानेच वापरायची. तेव्हा एवढं मोठं शरीर सोडून माझ्या दुखण्याने नेमकी तीच जागा निवडावी, याला मी आगाऊपणाच म्हणते.

मी खो-खो खेळते. 'खेळायचे' नाही, खेळते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तिशी उलटलेली, लग्न झालेली, बँकेत नोकरी करणारी बाई दिसली की लोक आपोआप भूतकाळ लावतात आणि माझं डोकं फिरतं. वर्तकनगरच्या मैदानावर मी शाळेत असल्यापासून आहे. लग्नानंतर डोंबिवलीत, कोपरला राहायला आले, तरी शनिवार-रविवार सकाळी बूट पिशवीत टाकून ठाण्याला जाणं सुटलं नाही. नवऱ्याला मी लग्नाआधीच सांगितलं होतं की रविवारी सकाळचा चहा त्याचा त्याला करावा लागेल. तो म्हणाला चालेल. तो तसा गुणी माणूस आहे. त्याच्या एका पराक्रमाबद्दल पुढे सांगणार आहे, म्हणून आधीच हे लिहून ठेवते.

संघात माझं काम साखळीचं. पळायची वेळ आली की पाटीवर बसलेल्या आठ जणींच्या मधून नागमोडी धावत राहायचं आणि मागे लागलेलीला दमवायचं. अशीच एका रविवारी वळत होते. उजवा पाय मातीत रुतून राहिला, बाकीची मी पुढे गेले आणि मांडी जिथे धडाला जोडलेली असते तिथे, आतल्या बाजूला, शिवण उसवावी तसं काहीतरी झालं. खाली बसले. आमचे सर कडेवरून बघत होते. ते तिथूनच म्हणाले, "ग्रोइन गेलं. बस आता आठवडाभर."

मैदानावर प्रत्येकाचं कधी ना कधी ग्रोइन जातं. सर म्हणतात, मुली म्हणतात, कबड्डीची पोरं तर ओरडून सांगतात. इंग्रजी शब्दाची हीच सोय आहे, तो अंगाला चिकटत नाही. पण हे ग्रोइन कोपरला घरी नेऊन मराठीत सांगायचं कसं, हा प्रश्न होता. मी तो सोडवला नाही. सासूबाईंनी दारातच विचारलं, "लंगडतेस का गं?"

"पाय दुखतोय, आई."

"माझेही दुखतात," त्या म्हणाल्या. "बायकांचे पाय दुखायचेच." आणि त्यांनी त्यांची काशाची वाटी काढली.

ही वाटी त्यांच्या रोजच्या वापरातली. संध्याकाळचा देवाचा दिवा लावून झाला, की तळपायांना तूप लावून त्या वाटीने चोळत बसायच्या. माझ्या लग्नाच्या आधीपासून चालत आलेला नेम. त्या दिवसापासून माझेही तळपाय त्या वाटीखाली आले. माझ्या नको नको म्हणण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. महिनाभरात माझे पाय असे मऊ झाले की बघत राहावं. जांघ होती तशीच होती.

मग एक चक्र सुरू झालं. आठवडाभर बसले की बरं वाटायचं, मैदानावर गेले की पहिल्या वळणाला कळ. पुन्हा बसायचं, पुन्हा बरं वाटायचं, पुन्हा जायचं. पुढे पुढे खोकलं तरी तिथे दुखायला लागलं. रिक्षात चढताना पाय आधी हाताने उचलून आत ठेवायला लागले. वर्ष असंच निघून गेलं. एका रविवारी सरांनी मला बाजूला घेतलं. ते शिव्या घालतात तेव्हा काळजी नसते. शांत बोलायला लागले की घाबरायचं.

"दिवाळीनंतर जिल्हा स्पर्धा आहे. मी वय बघत नाय, पळणं बघतो. या वेळी उतरलीस तर उतरलीस. नायतर तुझी जागा मी दुसरीला देणार, आणि मग ती परत मागायची नाय."

मी "हो सर" म्हटलं आणि बूट सोडत बसले. आमच्या मैदानावरून एकदा बाहेर गेलेली बाई परत आत आलेली मी पाहिलेली नाही. त्या येतात तशा, बघायला. कडेला उभ्या राहतात, कडेवर मूल असतं, आम्ही पळताना त्यांचे पाय जागच्या जागी हलतात. त्यातली एक माझ्याच वेळची, माझ्यापेक्षा चपळ. मला त्या रांगेत उभं राहायचं नव्हतं. कधीतरी राहीन, पण अजून नाही. हे नुसतं मनात आलं तरी रडू यायचं, आणि रडण्यासारखं काय आहे हे घरी सांगायचं म्हटलं की पुन्हा गाडी तिथेच येऊन अडायची.

नवऱ्याला मात्र मी सांगितलं होतं, नीट, जागेसकट. त्याने मनावर घेतलं. ऑफिसातल्या कुणीतरी त्याला आंबिवलीजवळच्या एका हाडवैद्याचं सांगितलं. कबड्डीवाले अख्खे संघ म्हणे त्यांच्याकडे जातात. गेलो. अंगणात मोठी बाकं, बाकांवर पंधरा-वीस माणसं, कुणाचा हात गळ्यात, कुणाची बोटं बांधलेली. म्हातारे वैद्य मधोमध स्टुलावर. माझा नंबर आला तसं त्यांनी विचारलं, "बाय, कुठं दुखतं गो तुला?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. बाकांवरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी नवऱ्याकडे बघितलं. तो बिचारा उठला, दोन पावलं पुढे आला आणि त्याने स्वतःच्या कमरेवर, मागच्या बाजूला, हात ठेवला. "इथे," म्हणाला.

"दुखतंय तिला का तुला?" वैद्यांनी विचारलं. बाकांवरची माणसं हसली.

"तिला. पण इथे."

त्यांनी दाखवली त्या जागी इलाज केला, त्यांचा काय दोष? माझी कंबर अशी काही दाबली, ताणली आणि लेप लावून पट्ट्याने आवळली की परतीच्या वाटेवर मला वाकता येईना. घरी आल्यावर मी त्याला फाडून खाल्लं.

"अरे, कंबर कुठून आली मध्येच?"

"अगं, मी कसं दाखवणार तिथे? एवढी माणसं बसलेली! जवळपासची जागा दाखवली. वाटलं, तेवढ्यावरून कळेल त्यांना."

पट्टा सोडेपर्यंत घरात लेपाचा वास होता. सासूबाई म्हणाल्या, पाय दुखत होता तर कमरेला लेप कशाला? नवरा चहा टाकायला आत गेला.

यानंतर पपई बंद झाली. माझ्या ते लवकर लक्षात आलं नाही. सासूबाईंना पपई प्रिय, घरात कायम असायची, ती नाहीशी झाली. मग कोपरच्या बाजारातून येताना माझ्या हातातली पिशवी त्या काढून घ्यायला लागल्या. मी गादी उचलायला गेले की "राहू दे, राहू दे." एकदा मला ओटीपोटाखाली हात धरून जिना चढताना त्यांनी बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं गोड हसू आलं की मलाच बरं वाटलं. त्या रविवारी मी बूट पिशवीत टाकत होते, तेव्हा त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आता हे खेळ पुरे. अशा दिवसांत उड्या मारायच्या नसतात."

"कसल्या दिवसांत?"

त्या नुसत्या हसल्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पपई, पिशवी, गादी, सगळं एका ओळीत उभं राहिलं. मी म्हटलं, "आई, तसं काही नाहीये. खरंच नाहीये." त्यांचं हसू कसं उतरलं ते मला सांगवत नाही. मला त्यांची फार दया आली, आणि रागही आला, आणि त्या दोन्हींच्या मध्ये मी पुन्हा म्हटलं की फक्त पाय दुखतोय. पण आता त्यांना काळजी लागली. तसं नसेल तर मग दुसरं काहीतरी बिघडलेलं असणार, आणि ते सून सांगत नाही. त्यांनी मला धरून डोंबिवलीतल्या त्यांच्या ओळखीच्या लेडी डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाई वयस्क, तोंडाने फटकळ. त्यांनी मला आत घेतलं, सासूबाईंना बाहेर बसवलं, तपासलं, सोनोग्राफी केली. "सगळं ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "मग तुला आणलंय कशाला?" तिथे, बंद दाराआड, मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. त्यांनी दोन बोटांनी जांघेतली शीर चाचपली. मी ओरडले. "अगं, हे माझं खातंच नाही! खेळतेस का काही?" मी खो-खो म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला. "वर्षभर पाय चोळत बसलात? ठाण्याला खेळाडूंचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जा. आणि त्यांना तरी जागा नीट सांग."

ठाण्याला सासूबाई येणार हे त्यांनीच ठरवलं. मी नको म्हणून पाहिलं. "मला कळलं पाहिजे काय आहे ते," त्या म्हणाल्या. त्या दवाखान्यात जिकडे तिकडे माणसं रबराचे पट्टे ओढत होती, एका पायावर उभी होती, चेंडूवर लोळत होती. सासूबाईंना ते शाळेच्या पी.टी.च्या तासासारखं वाटलं असावं. त्या जरा सैल झाल्या. डॉक्टरांबरोबर एक तरुण फिजिओ मुलगी होती. तिने मला कॉटवर झोपवलं आणि विचारलं, "कुठे दुखतं? एका बोटाने दाखवा." सासूबाईंनी मान वळवली आणि भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचायला घेतला. मी दाखवलं. एवढंच करायचं होतं, वर्षभर.

फिजिओने माझ्या गुडघ्यांमध्ये मूठ ठेवली आणि म्हणाली, दाबा. मी दाबलं. डाव्या मांडीचा जोर लागत होता, उजवी कळ मारून सोडून देत होती. मग एमआरआय झाला, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून समजावलं. हर्निया नाही. मोठं काही फाटलेलंही नाही. मांडीच्या आतले स्नायू जिथे हाडाला धरून असतात, ती जागा पुन्हा पुन्हा दुखावून कुरकुरी झाली आहे.

"पण ही तर कितीदा तरी विश्रांती घेऊन बसली," सासूबाई म्हणाल्या. वर्गात हात वर करून विचारावं तसं त्यांनी विचारलं. "मग बरं का नाही झालं?"

"बसल्याने दुखणं थांबतं हो, ताकद येत नाही. उलट जाते. आणि मैदान तर तेवढंच मागतं ना? कमजोर स्नायूवर पूर्ण भार पडला की परत पहिले पाढे पंचावन्न," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी काय काय करता येईल ते सांगितलं. एक, नुसत्या गोळ्या आणि शेक. त्याने काही दिवस बरे जातात. दुसरं, त्या जागी इंजेक्शन. दुखणं दबतं, कुणाकुणाला त्याचा उपयोगही होतो, स्पर्धा तोंडावर आली की खेळाडू तेच मागतात. पण दुखणं दबलं म्हणजे स्नायू घट्ट झाला असं नाही. ऑपरेशनही असतं, पण ते सगळं करून झाल्यावर, आणि तुमच्यासारख्या केसमध्ये बहुधा वेळ येत नाही. "आणि राहिलं ते व्यायाम. हळूहळू भार वाढवत न्यायचा, मग चालणं, धावणं, शेवटी वळणं. कंटाळवाणं आहे. महिने लागतात. पण बहुतेक जण त्यानेच परत खेळतात."

"दिवाळीनंतर स्पर्धा आहे," मी म्हटलं. "मला इंजेक्शन द्या."

"आधी व्यायाम," डॉक्टर म्हणाले. "मग बोलू."

मी तोंड पाडून बसले. फिजिओने एक नियम सांगितला. व्यायाम करताना किंवा धावताना चिमटा काढल्याएवढं दुखलं तर चालेल. त्याहून जास्त दुखलं तर थांबायचं, मागची पायरी धरायची. आणि खोटं बोलायचं नाही. हे शेवटचं वाक्य बोलताना ती सासूबाईंकडे बघत होती, आणि सासूबाईंनी मान डोलावली. त्या क्षणी माझ्यावर इन्स्पेक्टर नेमला गेला.

सुरुवात सोपी होती. पाठीवर झोपायचं, गुडघ्यांत चेंडू धरून दाबायचा. चेंडू नव्हता म्हणून आम्ही लहान उशी घेतली. पण काही आठवड्यांनी एक भलताच व्यायाम आला. कुशीवर व्हायचं, वरचा पाय खुर्चीवर ठेवायचा आणि कोपरावर जोर देऊन सगळं अंग वर उचलून धरायचं, म्हणजे देहाचा भार त्या वरच्या पायाच्या आतल्या स्नायूवर येतो. आमची खुर्ची लादीवरून सरकायची. दोनदा पडले. मग सासूबाई स्वतः खुर्चीवर बसल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "ठेव पाय."

"तुमच्या मांडीवर?"

"मग कुठे? ठेव."

मी ठेवला आणि सवयीने लगेच नमस्कारासाठी हात पुढे केला. मोठ्यांना पाय लागला की हात आपोआप जातो. तो हात जमिनीवर टेकलेला होता. मी धाडकन आडवी झाले. पुन्हा उचललं, पुन्हा पाय लागला, पुन्हा हात सुटला. सासूबाई हसून हसून खुर्चीतून पडायच्या राहिल्या. "अगं, सगळे नमस्कार शेवटी एकदम कर!" तेव्हापासून तसंच ठरलं. व्यायाम संपला की मी बसून एक मोठा नमस्कार करायची आणि त्या "खेळत राहा" असा आशीर्वाद द्यायच्या.

एकदा समोरच्या काकू साखर मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. सुनेचा पाय सासूच्या मांडीवर, सून हवेत लोंबकळतेय, सासू दात ओठ खाऊन घोटा धरून बसलीय.

"काय चाललंय?"

"व्यायाम," सासूबाई म्हणाल्या.

"कशाचा?"

"पायाचा," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

सप्टेंबर सरत आला तशी मी सरळ रेषेत धावायला लागले होते. वळायची परवानगी नव्हती. पण रविवारी मैदानावर गेले, सर नव्या मुलींना साखळी शिकवत होते, माझ्या जागी एक उंच मुलगी वळत होती आणि छान वळत होती. मला राहवलं नाही. मी पाटीवर उतरले. पहिली तीन वळणं इतकी सुंदर गेली की वाटलं, उगाच घाबरत होते. चौथ्याला कळ आली, चिमट्याची नव्हे, जुनीच. मी थांबले नाही. सर बघत होते ना! डाव संपेपर्यंत पळले, आणि त्यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, "एकदम ओके सर."

घरी आले तेव्हा जिना चढवेना. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकून चढत होते. सासूबाई कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आल्या होत्या. त्या वरून बघत उभ्या राहिल्या. त्यांचं वय बघता त्याही जिना अशाच चढतात, मला वाटलं माझी चेष्टा करतील. पण त्या बराच वेळ नुसत्या माझ्या पायांकडे बघत होत्या.

"वळलीस," त्या म्हणाल्या.

मी पायरीवरच बसले आणि रडले. अगदी लहान मुलीसारखी, नाक ओढत. म्हटलं, माझी जागा गेली, मी आता कडेला उभी राहणार, मला उद्याच्या उद्या इंजेक्शन घेऊ द्या, स्पर्धेपुरतं तरी दुखणं झाकलं जाईल.

"झाकून झाकूनच तर वर्ष गेलं," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी आत जाऊन फिजिओला फोन लावला. ती रागावली नाही. दोन पायऱ्या मागे जा म्हणाली, सगळं फुकट गेलेलं नाही. वेळ आहे. फोन ठेवून सासूबाई माझ्यासमोर बसल्या. "रोज संध्याकाळी मला सांगायचं. 'पाय' नाही सांगायचं. जी जागा आहे ती सांगायची."

"तुम्ही म्हणून दाखवा आधी," मी म्हटलं. रडून झाल्यावर माझ्या तोंडाला धार येते.

त्यांनी घसा साफ केला. "जां..." म्हणाल्या, आणि कुकरची शिट्टी झाली नसताना गॅस बंद करायला गेल्या. नवरा तोवर बाल्कनीत पसार झाला होता.

पण मी सांगायला लागले. रोज, वाटी फिरत असायची तेव्हा. आज जांघ चिमट्याएवढी दुखली. आज नाही दुखली. आज वळले, हळू, आणि नाही दुखली. पहिले काही दिवस त्या काशाच्या वाटीकडे बघून ऐकायच्या; मग माझ्याकडे बघून ऐकायला लागल्या. दिवाळीत फराळ करताना मी चकल्या सोडता सोडता एका पायावर उभी राहायचे आणि त्या म्हणायच्या, "दुसऱ्यावरही राहा, दुजाभाव नको."

सरांनी शेवटच्या आठवड्यात संघ निवडला. मी बारा जणींत होते. उंच मुलगीही होती. "बसशील तू," सर म्हणाले. "गरज लागली तर उतरवीन." मला चाललं. बसायचं, पण रेषेच्या आत.

स्पर्धेच्या दिवशी सासूबाई चांगली इस्त्रीची साडी नेसून, पाण्याची बाटली आणि घडीची छत्री घेऊन वर्तकनगरला आल्या. खेळ त्यांना कळत नव्हता, पण गुणलेखकांच्या टेबलाशेजारी त्या अशा ऐटीत बसल्या की कुणी उठवलं नाही. पहिल्या डावात सरांनी मला थोडा वेळ उतरवलं. पळाले. एका वळणाला चिमटा बसला. दुसऱ्या डावात आमची पळायची वेळ आली तेव्हा गुण जवळजवळ बरोबरीत होते, तिघींची पहिली तुकडी पटापट बाद होत चालली होती, आणि उंच मुलीचा घोटा मुरगळला. सर धावत माझ्याकडे आले. सगळं मैदान आमच्याकडे बघत होतं.

"कशी आहेस? खरं सांग."

माझ्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. "पाय एकदम ओके, सर."

"पायाचं कुणी विचारत नाहीये!"

आवाज टेबलाकडून आला होता. शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय झालेला तो आवाज मी ओळखला, पण विश्वास बसेना. सासूबाई उभ्या होत्या, हातात छत्री.

"जांघ दुखतेय का, ते सांग!"

पंच थांबले. समोरच्या संघातल्या मुली थांबल्या. कडेला उभ्या असलेल्या, कडेवर मूल घेतलेल्या सगळ्या माझ्या जुन्या मैत्रिणी थांबल्या. मी लाजेने लालबुंद झाले असणार, पण आतून काहीतरी इतकं मोकळं झालं की सांगता येत नाही.

"चिमट्याएवढी!" मी ओरडून सांगितलं.

"मग जा!"

गेले. खूप पळले. किती वेळ टिकले ते गुणलेखकांना माहीत, मी फक्त वळत होते, माती, पाठ, माती, पाठ, आणि प्रत्येक वळणाला ती जागा आहे तिथे होती आणि मला धरून होती. शेवटी सूर मारून एकीने मला बाद केलं तेव्हा मी मातीत बसून हसत होते. तो सामना आम्ही जिंकलो. पुढचा हरलो. सर म्हणाले, पुढच्या वर्षी लवकर तयारीला लाग. त्यांनी शिवीही घातली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

घरी परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आमची लिफ्ट नेहमीसारखी बंद. सासूबाई कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत चढत होत्या, मी मागे त्यांची छत्री आणि माझे बूट घेऊन. पहिल्या मजल्यावर त्या थांबल्या.

"पाय दुखतायत, आई? वर गेल्यावर चोळून देते मी."

"पाय नाही," त्या म्हणाल्या.

मी थांबले.

"जांघ दुखते," त्या म्हणाल्या. माझ्याकडे पाठ होती त्यांची. "हा झाला तेव्हापासून." हा म्हणजे माझा नवरा, जो त्या वेळी वर घरात आमच्यासाठी चहा टाकत होता. "त्या मुलीला विचारशील का, माझ्या वयात काही होतं का ते?"

मी हातातलं सगळं पायरीवर ठेवलं. काशाची वाटी माझ्या डोळ्यांसमोर आली, इतकी वर्षं रोज फिरणारी. तिला पत्ताच चुकीचा मिळाला होता.

"कुठे?" मी म्हटलं. "एका बोटाने दाखवा."

त्यांनी जिन्यात वर बघितलं, खाली बघितलं, कुणी येत नाही याची खात्री करून घेतली, आणि दाखवलं.